चोचीतली फट

माझ्या नातीच्या शाळेत प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा वर्गासमोर उभं राहून एखाद्या विषयावर बोलावं लागतं. नेदरलँड्समध्ये ह्या प्रकाराला स्प्रेकबर्ट म्हणतात. मी हा शब्द उच्चारला की नात खुदुखुदु हसते, मग दोनतीनदा माझ्याकडून म्हणवून घेते आणि पुन्हा हसते. यंदा तिने विषय घेतला दोन प्राण्यांची तुलना. पाच फरक, पाच साम्यं. एक प्राणी तिने तिथल्या झूमध्ये काचेमागे बघितलेला, स्ट्रॉबेरी विषारी बेडूक. दुसरा आजीच्या गावचा हवा, म्हणून रात्री इंदूरला फोन.

"आजी, तो पक्षी पाहिजे. तोंड बंद नाही होत तो."

मागून जावयाचा आवाज आला, "ज्याचं तोंड बंद होत नाही तो, असं म्हण." जावई पुण्याचा आहे.

मला लगेच कळलं. मागच्या पावसाळ्यात सिरपूर तलावावरून मी तिला एक व्हिडिओ पाठवला होता. आमच्या सुदामा नगरातून स्कूटरने धार रोडला लागलं की दहा-पंधरा मिनिटांत तलाव. होळकरांच्या काळातला. 2022 साली सिरपूर आणि यशवंतसागर दोन्ही तलाव पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले, तेव्हापासून रविवारी सकाळी बांधावर मोठमोठ्या लेन्सवाली मंडळी दिसतात. पक्षी त्याआधीही येतच होते, त्यांना यादीचं काही नव्हतं. व्हिडिओतला पक्षी म्हणजे मुग्धबलाक. हिंदीत त्याला घोंघिल म्हणतात आणि खरं सांगायचं तर आमच्या तोंडीही घोंघिलच. राखी-पांढरं अंग, पंखांची काळी कड, त्या काळ्यावर ऊन पडलं की हिरवट-जांभळी झाक. लांबी 68 सेंटीमीटरच्या आसपास, करकोच्यांच्या कुळात तसा लहानखुराच. आणि ती चोच. बुडाशी मिटते, टोकाशी मिटते, मधे उघडी राहते; दार लावताना मधे कोणाची तरी चप्पल अडकावी तशी. मुग्ध हे नाव ज्याने कोणी दिलं त्याचं मला कौतुक वाटतं. मी लहानपणी असं तोंड करून बसले की आजी सरळ "आ वासून काय बघून राहिलीस" म्हणायची.

पाच फरक नातीने दोन मिनिटांत काढले. पक्षी मोठा, बेडूक एवढुस्सा. हे खरंच आहे, हा बेडूक जेमतेम 2 सेंटीमीटरचा, आपल्या पाच रुपयांच्या नाण्यावर पाय आखडून बसेल. पक्षी पांढरा, बेडूक लाल. बेडूक निकाराग्वा, कोस्टा रिका, पनामाच्या ओल्या जंगलातला. पक्षी भारत, श्रीलंकेपासून थायलंडपर्यंतचा. पक्ष्याला पंख आहेत. आणि पाचवा, पक्ष्याला कोणी भीत नाही.

"गोगलगायीला विचार," मी म्हटलं.

साम्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी विचार न करता ठोकून दिलं की दोघांकडे एकेक हत्यार आहे. बेडकाकडे विष आणि आपल्या पक्ष्याकडे अडकित्ता. फटीत गोगलगाय धरायची आणि कट्ट. आता अडकित्ता म्हणजे काय, हे सांगण्यात अर्धा तास गेला. शेवटी देवघराच्या कपाटातून आजीचा मोराच्या घाटाचा पितळी अडकित्ता काढून कॅमेऱ्यासमोर धरला. घरात सुपारी कुठली असायला, बदाम फोडून दाखवला. तिने लगेच चित्र काढायला घेतलं.

फोन ठेवला आणि माझं मलाच खटकलं. आयुष्याची एकतीस वर्षं बँकेत काउंटरवर काढली आहेत, नोट मोजल्याशिवाय पुढे सरकवायची सवय नाही. सिरपूरला इतक्या वेळा गेले, पण फुटलेला शंख मी कधी पाहिला होता? दुसऱ्या दिवशी पोह्यांची गाडी लागायच्या आत निघाले.

सप्टेंबर संपत आलेला, तलाव काठोकाठ. जलपर्णीच्या कडेला, वीसेक पावलांवर एक घोंघिल उभा होता. चोचीची टोकं किंचित विलग ठेवून तो पाण्यात भराभरा टोचे मारत चालला होता, शिलाई मशीनच्या सुईसारखा. डोकं पाण्यात, बाहेर, पाण्यात. मग एकदम थांबला. डोकं खालीच. मान थरथरत होती, खांद्यांपाशी काहीतरी हलत होतं, पण जे काय चाललं होतं ते सगळं पाण्याखाली. उंच फळीवरच्या डब्यात हात घालून, न बघता लाडू चाचपणाऱ्या पोराचा चेहरा जसा कुठेतरी भलतीकडेच लागलेला असतो, तसा तो दिसत होता. मिनिटभर गेला असेल. मग चोच वर आली, तिच्या टोकाला राखाडी, लिबलिबीत, लोंबणारं काहीतरी. मान मागे, एक हिसडा, संपलं. शंखाचा आवाज नाही, तुकडे नाहीत.

तो पुढे सरकल्यावर मी चप्पल हातात घेऊन चिखलात उतरले. बांधावरचे कॅमेरेवाले माझ्याकडे बघत होते, बघू देत. दोन-तीनदा हात घातल्यावर तो सापडला. लिंबाएवढा तपकिरी शंख, अख्खा, कुठे टवकासुद्धा नाही. तोंडावरचं झाकण तेवढं गायब आणि आत रिकामं. वास असा की तो रुमालात गुंडाळून, रुमाल पिशवीत घालून, पिशवी डिकीत ठेवली तरी घरापर्यंत सोबत आला.

म्हणजे अडकित्ता नाहीच. गोगलगाय अन् पोटात पाय ही म्हण आपण भलत्या माणसांसाठी वापरतो, पण घोंघिलाला ती शब्दशः ठाऊक आहे. ही पाण्यातली गोगलगाय घाबरली की पाय आत ओढते आणि वरून टणक झाकण लावून घेते. पक्षी खालच्या चोचीचं बारीक टोक त्या झाकणाखाली सरकवतो, शंखाला धरून ठेवणारा स्नायू कापतो आणि अख्खा जीव बाहेर ओढतो. कुलूप न फोडता. आणि हे न बघता. जर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात इथल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्याने नोंदवलंय की डोळे बांधले तरी हा पक्षी गोगलगायी बरोबर टिपतो. माझ्या अडकित्त्याबद्दल मात्र मला फार लाज वाटायचं कारण नाही. ज्युलियन हक्सलीसारख्या नामवंत जीवशास्त्रज्ञाने संग्रहालयातल्या चोची तपासून हाच निष्कर्ष काढला होता की ही फट म्हणजे कवच फोडायचं साधन. फटीच्या कडा खरबरीत असतात, ती त्याला फोडून फोडून झालेली झीज वाटली. नंतर लोकांनी जिवंत पक्षी खाताना पाहिले आणि तो निष्कर्ष मागे पडला. निसरडा शंख धरायला त्या खरबरीत कडा उपयोगी पडत असाव्यात, असं आता म्हणतात. हक्सलीला सिरपूरचा चिखल मिळाला नाही, इतकंच.

पण मला सगळ्यात गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. घोंघिलाच्या पिल्लांच्या चोचीत ही फट नसतेच. त्यांची चोच चारचौघांसारखी सरळ, नीट मिटणारी. तशा चोचीनेही ती गोगलगायी खातात. फट नंतर येते, वयाबरोबर. म्हणजे ज्या खुणेवरून सगळं जग त्याला ओळखतं, नाव देतं, ती तो जन्माला येताना आणतच नाही.

हे वाचलं आणि मला तो बेडूक आठवला.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी लेकीकडे गेले होते तेव्हा ते झू पाहिलं. काचेमागे ओली पानं, वाफ, आणि एका पानावर उघड्यावर बसलेला तांबडालाल ठिपका, त्याचे पाय निळे. त्या जातीतल्या ह्या रंगाच्या बेडकाला निळी जीन्सवालाच म्हणतात. आपला बेडूक कसा, चाहूल लागली की डुबुक. हा भर दिवसा मजेत बसलेला. त्याला लपायचं नसतं. अंगावरचा लाल रंग ही त्याची पाटी, वाण्याच्या दुकानातल्या "उधार बंद" सारखी; शहाण्याने वाचावी आणि पुढे जावं. तो चावत नाही, डसत नाही. त्याला खाल्लं तर पस्तावायचं. मराठीत सापही विषारी आणि हाही विषारी, दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द ठेवला आहे, आणि नातीला हे समजावताना माझी बरीच ओढाताण झाली. शेवटी "एक तुला चावला तर, एक तू त्याला चावलीस तर" ह्यावर तिचं समाधान झालं.

काचेखाली फलक होता. लेकीने डच वाचून सांगितलं: इथे जन्मलेल्या बेडकांना विष नसतं.

मला फसवल्यासारखं झालं. विष बेडूक स्वतः तयार करत नाही. जंगलातल्या पालापाचोळ्यात टाचणीच्या डोक्याहून बारीक, माइट नावाचे जीव असतात, मुंग्या असतात, त्यांच्या अंगात ती रसायनं असतात. बेडूक त्या खातो, त्यातली रसायनं पचवून टाकण्याऐवजी कातडीतल्या ग्रंथींमध्ये साठवतो. झूमध्ये त्याला फळमाश्या मिळतात, तिथे पोसलेल्या. पोट भरतं, रंग तसाच्या तसा येतो, पाटी झळकत राहते आणि आत काही नाही. त्या दिवशी काचेसमोर उभी असताना मला आमच्या कॉलनीतली काही आडनावं आठवली. चांगली खणखणीत देशस्थी, कोकणस्थी आडनावं. सांगत नाही.

ह्या बेडकांमध्ये सगळ्यात जहाल म्हणजे कोलंबियातला सोनेरी. त्याला 1978 मध्ये शास्त्रीय नाव दिलं तेच टेरिबिलिस. तिथले एम्बेरा लोक फुंकनळीच्या बाणांची टोकं त्याच्या पाठीवर घासत, बाकी काही करावं लागत नसे. तोही बंदिवासात जन्मला की निर्विष. आणि विष त्याचं एकट्याचंही नाही. न्यू गिनीत पिटोहुई नावाचा काळा-नारिंगी पक्षी आहे. जॅक डम्बाकर नावाचा संशोधक जाळ्यातून हे पक्षी सोडवत होता, हाताला ओरखडा आला, त्याने बोट तोंडात घातलं आणि जीभ-ओठ बधिर झाले. 1992 साली जाहीर झालं की ह्या पक्ष्याच्या कातडीत आणि पिसांत त्या सोनेरी बेडकाच्याच जातकुळीचं विष आहे. अर्धं जग मधे, एक पक्षी, एक बेडूक. पुढे कळलं, तोही ते बारक्या भुंगेऱ्यांतून मिळवतो. मी हे उत्साहाने नातीला सांगितलं. ती म्हणाली, "पण तो आपला पक्षी नाही ना."

बरोबर आहे. मग मी बेडकांचा संसार वाचायला घेतला, आणि इथे मी अडकले.

स्ट्रॉबेरी बेडकाची मादी पानावर तीन-चार, फार तर पाच अंडी घालते. बापाचं काम ती ओली ठेवायची, आणि तो ती स्वतःच्या मूत्राने भिजवतो. (हे स्प्रेकबर्टमध्ये घ्यायचंच, असा नातीचा हट्ट होता.) आठ-दहा दिवसांनी पिल्लं बाहेर आली की आई त्यांच्यात येऊन बसते, एकेक पिल्लू वळवळत तिच्या पाठीवर चढतं. मग ती निघते. दोन सेंटीमीटरची आई झाडावर चढते. तिथे अननसाच्या कुळातली झाडं असतात, त्यांच्या पानांच्या बेचक्यात पावसाचं चमचाभर पाणी साठलेलं असतं. एका बेचक्यात एक पिल्लू. पुन्हा खाली, दुसरं पाठीवर, दुसरी बेचकी. भावंडं एकत्र ठेवायची नाहीत. त्या पाण्यात खायला काही नसतं, म्हणून दर थोड्या दिवसांनी ती प्रत्येकाकडे जाते आणि त्याच्यासाठी अंडी घालते, फळलेली नव्हेत, निव्वळ खाण्याची. तिची चाहूल लागली की पिल्लू अंग ताठ करून थरथरतं, मागतं. ती आली नाही तर ते जगत नाही, दुसरं काही ते खातच नाही. ह्या गटाचं शास्त्रीय नाव ऊफागा, म्हणजे अंडी खाणारे. हा प्रकार दीड महिनाभर.

आता 2014 चं संशोधन. ह्या पिल्लांनी अजून एक माइट चाखलेला नसतो, तरी त्यांच्या अंगात विष सापडलं. ते त्या अंड्यांतून येतं. ज्या पिल्लांना दुसऱ्या, बिनविषारी बेडकांची अंडी भरवली त्यांच्यात ते नव्हतं. पहिला घास आणि पहिलं विष, दोन्ही आईच्या हातचं.

आमची लेक पुण्याला शिकायला गेली तेव्हा होस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "दूध फाटलं." खोलीतल्या मुली हसून लोळल्या. दूध नासतं, फाटतो तो कागद. मग "झाडू लावला" वर हसल्या, मग "काय करून राहिलीस" वर. दिवाळीला घरी आली ती मला सुधारायला. "आई, नासलं म्हण. केर काढला म्हण." मीही आठवडाभर म्हटलं. पण आम्ही चार पिढ्या इथल्या. पणजोबा होळकरांच्या नोकरीत आले, तेव्हापासून सकाळी मराठी आणि दाराबाहेर माळवी-हिंदी खाऊन वाढलेलो. इथल्या सानंद संस्थेचं मराठी नाटक बघून आलं की दोन दिवस जीभ जरा पुणेरी चालते, तिसऱ्या दिवशी भाजीवाला आला की उतरते. लेक मात्र पक्की सुधारली, पुण्यात नोकरी, पुणेरी नवरा, मग परदेश. आणि एवढं होऊन मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर नात फ्रिज उघडून डब्याचा वास घेत म्हणाली, "ममा, दूध फाटलं." लेकीने चमकून माझ्याकडे बघितलं. मी काही शिकवलं नव्हतं.

एक गोष्ट मी नातीला सांगितली नाही. ती बेडकीण पिल्लाला ओळखत नाही, जागा ओळखते. तिच्या बेचकीतलं पिल्लू काढून तिथे परकं ठेवलं तरी ती त्यालाच भरवते, आणि स्वतःचं पिल्लू शेजारच्या बेचकीत सरकवलं तर त्याच्याकडे फिरकत नाही. हे वाचून मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण ओटा पुसला. माझं पिल्लू पावणेसात हजार किलोमीटरवरच्या बेचकीत आहे. बरं की नंबर पाठ आहे.

शेवटी साम्यं जमली ती अशी. दोघांना आईवडील दोघंही लागतात. घोंघिल नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर बसतात. दोघंही पोरांना कोरडं होऊ देत नाहीत: तिकडे बाप पाणी घालतो, इकडे एक जण चारा आणायला गेला की दुसरा पंख पसरून घरट्यावर सावली धरतो. दोघंही बारीक, फालतू वाटणारं खातात, एक गोगलगाय आणि एक माइट. दोघांची ओळखीची खूण जन्मतः नसते. पाचवं साम्य नातीने स्वतः घातलं: दोघं तिच्या आजीला आवडतात. अडकित्त्याचं चित्र रद्द करायला मी सांगितलं, तर म्हणाली, रंगवून झालंय. मग त्यावर लाल फुली मारून तिने ते "चूक" म्हणून दाखवायचं ठरलं. हक्सलीचंही नाव घे, असं मी सुचवलं. ते तिने घेतलं नाही, माझंच घेतलं.

तिकडे करकोच्याचं सगळ्यांना भारी प्रेम. हेग शहराच्या चिन्हावरच करकोचा आहे, चोचीत वाम मासा धरलेला. बाळ झालं की घरासमोर लाकडी करकोचा उभा करतात; नातीच्या वेळी जावयाने भाड्याने आणला होता, त्याचा फोटो माझ्याकडे आहे. त्यामुळे वर्गात बेडकापेक्षा पक्ष्यावरच प्रश्न आले. एका मुलाने विचारलं म्हणे, ह्या पक्ष्याच्या फटीतून बाळ खाली पडत नाही का? बाई खुर्चीतून उठून बाहेर जाऊन हसून आल्या.

त्याच संध्याकाळी नातीने शंख बघायला मागितला. तो मी घासून, उन्हात वाळवून मागच्या खिडकीत ठेवला होता. फोन तिकडे नेला तर शंखाला मुंग्या लागलेल्या. खिडकीच्या चौकटीवरून रांग, आत जाणारी आणि बाहेर येणारी. नात बराच वेळ गप्प राहून बघत होती.

"आजी, तो बेडूक तुझ्याकडे आला, मुंग्या खाल्ला, तर परत विष येणार?"

"खाल्ल्या," मागून जावई.

"इथे राहिला तर," मी म्हटलं, "आधी शेव मागेल."